गेटिसबर्गची लढाई पाचवी ते सातवीच्या मुलांना कशी सांगावी?

तापीकाठ (चोपडा तालुका) – प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमच्या गावात रविवारी सकाळी दोन तास मुलांचे वाचन चालते. पाचवी ते सातवीची अठरा-वीस मुले येतात आणि त्यांतील बहुतेकांच्या घरी कापूस किंवा केळी आहे. दोन महिन्यांपूर्वी एका मुलाने अब्राहम लिंकन यांचे चित्र पाहून ‘हे कोणत्या लढाईत वारले?’ असे विचारले. ते लढाईत वारले नाहीत, १८६५ च्या एप्रिल महिन्यात नाटक पाहत बसलेले असताना त्यांना गोळी घालण्यात आली, असे सांगितल्यावर प्रश्न थांबण्याऐवजी वाढतच गेले. शेवटी अमेरिकेतील उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांमधील त्या युद्धावर (१८६१–६५), निदान त्यातील पेनसिल्व्हेनियामधील गेटिसबर्गच्या एका लढाईवर, चोवीस पानांची सचित्र पुस्तिका मीच लिहावी आणि चित्रे मुलांनी काढावीत, असे ठरले.

पहिला खर्डा मी दोन आठवड्यांत पूर्ण केला. त्यात १, २ आणि ३ जुलै १८६३ हे तीन दिवस क्रमाने घेतले होते. पहिल्या दिवशी जॉन ब्यूफोर्डच्या घोडदळाने गावाच्या पश्चिमेला दक्षिणेच्या सैन्याला थोपवून धरले आणि संध्याकाळपर्यंत उत्तरेचे सैन्य गावातून मागे हटत दक्षिणेकडील टेकड्यांवर आले. दुसऱ्या दिवशी लिटल राउंड टॉप ही टेकडी, गव्हाचे शेत आणि पीचची बाग येथे झुंज झाली, तर तिसऱ्या दिवशी दुपारी तोफांच्या प्रचंड भडिमारानंतर दक्षिणेच्या सुमारे साडेबारा हजार सैनिकांनी उघड्या शेतांतून चढाई केली आणि ती फसली. हे सारे मुलांना वाचून दाखवले आणि मुलांनी ते शांतपणे ऐकून घेतले. नंतर सहावीतील एका मुलीने विचारले, ‘ताई, पण ते भांडत कशासाठी होते?’ तो मजकूर माझ्या खर्ड्यात एकोणिसाव्या पानावर होता, आणि तोही चार ओळींचा.

तेव्हापासून मी अडले आहे. कारण आधी सांगावे, तर लढाई सुरू होईपर्यंत मुले कंटाळतील अशी भीती वाटते. लढाई आधी सांगावी, तर ती क्रिकेटच्या सामन्यासारखी होते आणि मुले दोन संघांत विभागली जातात. दुसरी अडचण शब्दाची आहे. मी ‘यादवी युद्ध’ असा शब्द वापरला आहे, तो योग्य आहे का? तिसरी अडचण म्हणजे रक्तपात किती दाखवावा, हे मला ठरवता येत नाही. मी एका ठिकाणी ‘या लढाईत ५१ हजार सैनिक कामी आले’ असे लिहिले, ते ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. आकडा इतका मोठा होता की तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. ज्यांनी मुलांना इतिहास शिकवला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पांझराकाठचा मास्तर (धुळे)

ताई, आपला उपक्रम चांगला आहे. मी तीस वर्षे इतिहास शिकवला, त्या अनुभवावरून काही गोष्टी सांगतो.

प्रथम चूक दुरुस्त करून घ्या, कारण ती छापली गेली तर मुलांच्या डोक्यात कायमची बसेल. ५१ हजार हा आकडा ठार झालेल्यांचा नाही. ठार, जखमी, पकडले गेलेले आणि बेपत्ता अशा सर्वांची ती सुमारे बेरीज आहे. रणांगणावर प्रत्यक्ष मेलेल्यांची संख्या सात-आठ हजारांच्या घरात होती; अनेक जखमी पुढच्या काही आठवड्यांत दगावले, ते वेगळे. मराठीत ‘कामी आले’ म्हणजे मेले, आणि ‘हताहत’ म्हटले तरी त्यात कैदी बसत नाहीत. तेव्हा सरळ ‘मेले, जखमी झाले किंवा शत्रूच्या हाती सापडले’ असे लांबलचक लिहावे. त्या आकड्याशेजारी गावाची लोकसंख्याही द्यावी. गेटिसबर्ग हे सुमारे २,४०० वस्तीचे गाव होते आणि दोन्ही बाजूंचे मिळून दीड लाखाहून अधिक सैनिक त्याच्या शिवारात उतरले होते. सैन्ये निघून गेल्यावर वीस हजारांहून अधिक जखमी तेथेच राहिले. आपल्या चोपडा तालुक्यातील एखाद्या मध्यम गावात प्रत्येक घरामागे पन्नासच्या आसपास जखमी माणसे ओसरीवर, गोठ्यात आणि देवळात ठेवली आहेत, एवढे सांगितले की पुरे.

माझे मत असे आहे की प्रारंभ नकाशापासून करावा. एवढ्याशा गावात एवढी मोठी लढाई का झाली? दक्षिणेचे सैनिक तेथे बूट मिळवायला आले होते, अशी एक लोकप्रिय गोष्ट आहे. ती दक्षिणेच्या हेन्री हेथ या सेनाधिकाऱ्याने नंतरच्या काळात सांगितली आणि पुढे अनेकांनी ती उचलली, पण त्या गावात बुटांचा कारखाना नव्हता आणि अभ्यासक ती फारशी मानत नाहीत. खरे कारण साधे आहे. दहा रस्ते त्या गावात एकत्र येत होते. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी उत्तरेच्या मुलखात शिरून सैन्य पसरवले होते, ते एकत्र करण्यासाठी अशा जागेची गरज होती, आणि त्यांना शोधत येणारे उत्तरेचे सैन्यही त्याच रस्त्यांनी आले. मी धुळ्याचा असल्याने मला हे समजावून सांगणे सोपे जाते: आग्रा रोड आणि सुरत–नागपूर रस्ता जेथे छेदतात, तेथे माणसे ठरवून भेटोत वा न भेटोत, गाठ पडतेच. बुटांची गोष्ट मात्र गाळू नका. गोष्ट सांगावी आणि ‘हे कोणी सांगितले, केव्हा सांगितले, त्याला सांगण्याचे काय कारण होते?’ असे मुलांनाच विचारावे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी ज्या धुळ्यात अखेरची वर्षे दप्तरे तपासत काढली, त्या गावच्या मास्तराने एवढा आग्रह धरला तर आपण राग मानणार नाही.

आणखी एक गोंधळ टाळावा. या लढाईत दक्षिणेचे सैन्य उत्तरेकडून आणि पश्चिमेकडून गावावर आले आणि उत्तरेचे सैन्य गावाच्या दक्षिणेला टेकड्यांवर होते. मोठी माणसेही येथे फसतात. मुलांसाठी गणवेशाच्या रंगावरून ‘निळे’ आणि ‘करडे’ असे म्हणावे. निळ्यांची रांग माशाच्या गळासारखी वाकलेली होती, ती सुमारे तीन मैल लांब होती, आणि करड्यांची रांग तिला बाहेरून वेढणारी असल्याने बरीच अधिक लांब होती. त्यामुळे निळ्यांची कुमक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला लवकर पोहोचे. हे मैदानावर दोरी टाकून दाखवावे. आतल्या दोरीवरील मुलाने आणि बाहेरच्या दोरीवरील मुलाने एकाच वेळी निरोप घेऊन धावावे, म्हणजे जॉर्ज मीड हे केवळ तीन दिवस आधी, २८ जूनला, निळ्यांचे सेनापती झालेले असूनही त्यांची बाजू कशी सावरली, त्यातील निम्मे उत्तर मुलांना पायांनी कळेल.

रक्तपाताविषयी माझा अनुभव असा आहे की मुलांना एकच मृत्यू नीट सांगावा. जेनी वेड ही वीस वर्षांची मुलगी ३ जुलैच्या सकाळी नुकत्याच बाळंत झालेल्या बहिणीच्या घरी सैनिकांच्या पावासाठी कणीक मळत होती. दोन दारे भेदून आलेल्या गोळीने ती जागीच गेली. प्रत्यक्ष लढाईत मारली गेलेली ती गावातील एकमेव नागरिक होती. परातीतील कणीक प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. याहून अधिक रंगवण्याची आवश्यकता नाही.

सरकी आणि रुई (जळगाव)

मास्तरांनी सांगितलेले सगळे पटले, तरी प्रारंभ नकाशापासून करू नये असे मला वाटते. ताई, आपल्या मुलांच्या घरी कापूस आहे, असे आपण स्वतःच लिहिले आहे. मग ही गोष्ट बोंडापासून का सुरू करू नये? आमच्या घरी तीन पिढ्या जिनिंगचा व्यवसाय आहे, म्हणून हा आग्रह आपल्याला पक्षपाती वाटेल. तसे समजायला माझी हरकत नाही.

जिनमध्ये सरकी वेगळी आणि रुई वेगळी होते, हे आपल्याकडच्या मुलांना शिकवावे लागत नाही. अमेरिकेत १७९३ मध्ये एली व्हिटनी यांनी सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. एरवी यंत्र आले की मजूर कमी लागतात. येथे उलट झाले. सरकी काढण्याचे अडलेले काम सुटले, कापूस पिकवणे अतिशय फायद्याचे झाले, आणि लागवड व वेचणी मात्र हातांनीच होत राहिली. १७९० च्या जनगणनेत तेथे सुमारे सात लाख गुलाम होते, ते १८६० मध्ये चाळीस लाखांच्या जवळ गेले. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके नखांच्या कडेला कशी टोचतात आणि संध्याकाळी बोटे पाण्यात घातली की कशी झोंबतात, हे त्या मुलांनी आईच्या हातांवर पाहिलेले आहे. तेथून पुढे फरक नेमका सांगावा: आपल्या आईला वजनावर मजुरी मिळते आणि मालक पटला नाही तर ती दुसऱ्याच्या शेतात जाऊ शकते, त्या बाईला मजुरी नव्हती, जाण्याची मुभा नव्हती, आणि तिचे मूल जन्मतःच मालकाची मालमत्ता होते, जे तो विकू शकत होता.

दुसरा धागा तर आपल्या दारातच येतो. १८६१ मध्ये युद्ध पेटताच उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक माल तेथून येत असे, तो आटला. तिकडे मजूर उपाशी राहिले आणि इकडे मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव चढले. खानदेशच्या काळ्या जमिनीतील कापसाला एवढी मागणी आली की जळगाव ही त्या वर्षांत कापसाची मोठी पेठ बनली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्याच जळगावला जबर फटका बसला. मुंबईत तर प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे व्यापारीही त्या लाटेत बुडाले.

एक सावधगिरी बाळगावी. हे सांगताना ‘त्या युद्धामुळे आपले जळगाव मोठे झाले’ अशी फुशारकी येता कामा नये. मी स्वतः शाळेच्या एका स्नेहसंमेलनात तसे भाषण केले होते, आणि नंतर एका मुलाने ‘मग युद्ध लवकर संपले हे वाईट झाले का?’ असे विचारून मला गप्प केले होते.

दप्तरदार (नंदुरबार)

‘यादवी’ या शब्दाविषयी लिहितो. कोशात तो अर्थ आहे आणि वर्तमानपत्रांतही तो रुळला आहे, त्यामुळे चूक म्हणता येणार नाही. तथापि त्या शब्दामागे जी कथा आहे, तीत मद्याने धुंद झालेले यादव प्रभासक्षेत्री एकमेकांना मारून संपतात. भाऊ भावावर उठतो आणि त्याला कारण असे काही नसते. तो शब्द ऐकणाऱ्या मुलाच्या मनात तेवढेच चित्र उभे राहील: दोघेही चुकले, दोघेही संपले. अमेरिकेतील युद्धाला मात्र कारण होते आणि ते दक्षिणेच्या राज्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मिसिसिपी या राज्याने संघराज्यातून फुटताना जे निवेदन काढले, त्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे म्हटले आहे. म्हणून मी ‘गृहयुद्ध’ हा शब्द सुचवतो. तो थोडा कोरडा आहे, आणि मुलांच्या पुस्तिकेत तो कोरडेपणा उपयोगीच पडेल.

मास्तरांचा नकाशा मला मान्य आहे, पण नकाशापासून सुरुवात केली की निळे आणि करडे हे दोन सारखेच शूर संघ बनतात, ही ताईंची भीती खरी आहे. माझ्या मते कारण वेगळ्या प्रकरणात न देता ते त्याच जमिनीवर दाखवावे. तिसऱ्या दिवशीची मोठी चढाई ज्या उंचवट्यावर आदळली, त्या सिमेटरी रिजवर अब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे बारा एकरांचे शेत होते. करडे सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर कृष्णवर्णीय माणसांना पकडून दक्षिणेत गुलामगिरीत पाठवू लागले. त्यात पळून आलेले होते, तसे जन्मापासून स्वतंत्र असलेलेही होते. म्हणून गेटिसबर्गमधील बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे लढाईच्या आधीच गाव सोडून गेली. ब्रायनही सहकुटुंब गेला. परत आला तेव्हा घराला गोळ्यांनी भोके पडली होती, कुंपणे गेली होती आणि पीक तुडवले गेले होते. त्याने १,०२८ डॉलरची भरपाई मागितली, मिळाले १५. लिटल राउंड टॉपवर दारूगोळा संपत आल्यावर संगिनी लावून उतरणारा निळ्यांचा अधिकारी जोशुआ चेंबरलेन सर्व पुस्तकांत असतो, आणि तो मूळचा प्राध्यापक असल्याने शिक्षकांचा विशेष लाडका असतो. त्याला दोन पाने द्यावीत, पण ब्रायनला निदान एक तरी द्यावे.

आपल्या भाषेतील एक दुवा विसरू नये. गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले होते. त्या युद्धाची वार्ता दहा वर्षांत मराठीत कोणत्या अर्थाने पोहोचली, हे सातवीच्या मुलाला सहज समजेल.

पांझराकाठचा मास्तर (धुळे)

दप्तरदारांचे म्हणणे मी मान्य करतो; ब्रायनचे शेत नकाशावर दाखवले तर माझा नकाशाही राहतो आणि कारणही सांगितले जाते. मात्र एक पुस्ती जोडतो. मुलांना निळे म्हणजे देवमाणसे असे सांगू नये. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही गुलामगिरी असलेली राज्ये उत्तरेच्या बाजूनेच राहिली होती. १ जानेवारी १८६३ ची लिंकन यांची गुलाममुक्तीची घोषणा बंडखोर प्रदेशांपुरतीच होती, आणि संपूर्ण देशातील गुलामगिरी घटनादुरुस्तीने संपायला डिसेंबर १८६५ उजाडावा लागला. लिंकन युद्धात उतरले ते संघराज्य टिकवण्यासाठी. गुलामगिरी संपवण्याचे उद्दिष्ट त्यात पुढे आले. दक्षिणेने फुटण्याचे कारण एक आणि उत्तरेने लढण्याचे सुरुवातीचे कारण दुसरे, ही गोष्ट मुलांना झेपते. आपणच ती टाळतो.

‘निर्णायक’ हा शब्दही जपून वापरावा. गेटिसबर्गनंतर युद्ध जवळजवळ एकवीस महिने चालले. लगेच दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग हे ठाणे उत्तरेचे सेनापती ग्रँट यांच्या स्वाधीन झाले आणि दक्षिणेचे दोन तुकडे पडण्याच्या मार्गाला लागले. या दोन घटना शेजारी ठेवल्या तरच जुलै १८६३ चे महत्त्व दिसते. लिंकन यांचे गेटिसबर्ग येथील १९ नोव्हेंबरचे भाषण मराठी करून अवश्य घ्यावे. मूळ इंग्रजीत ते पावणेतीनशे शब्दांचेही नाही, आणि त्यांच्या आधी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते. त्याची सुरुवात ‘सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी’ अशी करू नये. लिंकन विसांत मोजतात. आपल्या खेड्यांतील म्हातारी माणसे मोजतात तसे ‘चार विसा आणि सात वर्षांपूर्वी’ असे लिहिले तर ते मुळाशी जुळते, आणि मुलांना आजीची आठवण होते.

तापीकाठ (चोपडा तालुका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण मध्ये वेचणी होती आणि मुले रविवारीही शेतात होती.

पुस्तिका आता कापसापासून सुरू होते. पहिल्याच पानावर मी मुद्दाम थांबले आणि मुलांना काही विचारायचे आहे का, असे म्हटले. एका मुलाने अहिराणीत विचारले, ‘ताई, त्यास्ले मजुरी कितली भेटे?’ मी ‘काहीच नाही’ म्हटल्यावर त्याला वाटले की मला आकडा ठाऊक नाही, आणि त्याने पुन्हा तोच प्रश्न केला. त्या एका प्रश्नावर अर्धा तास गेला. लढाईकडे आम्ही पुढच्या रविवारी वळलो.

दोरीचा खेळ फार चांगला झाला. बाहेरच्या दोरीवर धावणाऱ्या मुलाने दोन फेऱ्यांनंतर ‘आम्हाला कमी अंतर द्या’ अशी तक्रार केली, तेव्हा हीच ली यांची अडचण होती, असे सांगता आले. तिसऱ्या दिवसाच्या चढाईसाठी शाळेच्या फाटकापासून फाट्यापर्यंत आम्ही चालत गेलो. ते अंतर सव्वा किलोमीटर भरते आणि चढाईचे अंतरही साधारण तेवढेच होते. शेवटच्या टप्प्यात मी दर दुसऱ्या मुलाला रस्त्याकडेला बसवत गेले, कारण त्या चढाईतील जवळजवळ निम्मे सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. फाट्यावर नऊ जण पोहोचले. ली यांच्या हाताखालील लाँगस्ट्रीट या सेनाधिकाऱ्याने या चढाईला आधीच विरोध केला होता आणि चढाई फसल्यावर ली यांनी परतणाऱ्या सैनिकांना दोष आपलाच असल्याचे सांगितले, हे तेथेच उभे राहून सांगितले. त्यावर बसवलेल्यांपैकी एकजण रस्त्यापलीकडून ओरडला, ‘मग आधी का नाही ऐकलं?’

मास्तरांच्या सूचनेप्रमाणे जेनी वेडचे पान केले आहे, आणि त्याच्यासमोर टिली पिअर्स या पंधरा वर्षांच्या मुलीचे पान आहे. सुरक्षित म्हणून तिला गावाबाहेरील एका शेतघरात धाडले, तर तेच शेतघर राउंड टॉपजवळ निघाले आणि जखमींनी भरून गेले. सैनिकांना पाणी देणारी टिली आमच्या मुलींना चेंबरलेनपेक्षा अधिक आवडली. ‘यादवी’ सगळीकडून काढून ‘गृहयुद्ध’ केले.

एकविसावे पान ब्रायनचे आहे. १,०२८ मागितले आणि १५ मिळाले, हे वाचताच ज्याच्या घरची केळीची बाग मागच्या वादळात आडवी झाली, त्या मुलाने विचारले, ‘पंचनामा कोणी केला होता?’ मग तो आणि आणखी तिघे बसून ब्रायनच्या नुकसानीचा पंचनामा त्यांच्या अक्षरात लिहू लागले: घर, कुंपण, उभे पीक. तो कागद तसाच पानावर चिकटवणार आहे. चित्र काढणाऱ्या मुलीने मोडलेल्या कुंपणामागे फुटलेल्या बोंडांचा कापूस काढला होता. पेनसिल्व्हेनियात कापूस होत नाही, असे सांगितल्यावर तो खोडून तेथे गहू काढायला ती तयार झाली आहे.